उलटा व्रण

शेल्ट नदीवरचे धुके अजून उठले नव्हते. फ्लँडर्स मुलुखातल्या त्या बेलाग किल्ल्याचे बुरूज जेमतेम दिसत होते, आणि दोन हशमांच्या मधोमध योरिस दरवाजाची चढण चढत होता. तांब्याच्या पत्र्यावर संतांची हौतात्म्ये कोरावीत आणि कागदावर छापावीत, हा त्याचा पिढीजात धंदा. घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. निषिद्ध पुस्तक बाळगल्याबद्दल त्याच्या बायकोला, माइकेनला, किल्लेदाराने याच नदीत बुडवले होते. ‘पुस्तक माझे नाही,’ एवढे म्हणती तर सुटती. ती म्हणाली, ‘माझेच आहे.’ गर्दीत उभ्या योरिसच्या तोंडून मात्र ब्र निघाला नाही. त्यानंतर दोन वर्षे तो फक्त तांब्याशी बोलत असे, आणि तांबे कुठे उत्तर देते!

दरबारात त्याचाच छाप मांडला होता. गुडघे टेकलेली संत कॅथरिन आणि तिच्यावर तलवार उगारलेला मारेकरी. मारेकऱ्याचे नाक, भुवया, गालावरचा लांब व्रण, सारे हुबेहूब किल्लेदाराचे.

“हरामखोरा, हा कोण?” किल्लेदार गरजला.

वृद्ध कारभारी मनाचा मऊ. तो लगबगीने पुढे झाला. “गुस्ताखी माफ, सरकार. आपला व्रण डाव्या गाली, चित्रातला उजव्या. हा दुसराच कोणी असणार. योरिस, बाबा, हो म्हण.”

किल्लेदाराचा चेहरा सैलावला. त्यालाही हेच हवे होते. एका होकाराने योरिसचा प्राण वाचणार होता आणि किल्लेदाराची अब्रूही.

योरिसने छापाकडे पाहिले आणि त्याला आपल्याच चुकीचे हसू आले. पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते, म्हणून सारे उलटेच कोरायचे, हे या धंद्यातले शेंबडे पोरही जाणते. पण व्रणाशी येताच संतापाच्या भरात त्याने तो जसा पाहिला तसाच कोरला होता.

“कारभारीसाहेब, आपले उपकार मानतो,” तो म्हणाला. “पण ही माझ्या हाताची चूक. व्रण उलटा कोरायचा राहिला. सरकार, चेहरा आपलाच आहे.”

फार दिवसांनी योरिसने स्वतःचा आवाज ऐकला होता. तो ऐकायला माइकेन हवी होती, एवढेच त्याला वाटले.

दुपारी त्याला त्याच नदीवर नेले. पत्रा घणाने चेचला. पण छाप आधीच कापडाच्या गठ्ठ्यांतून गावोगाव गेले होते, आणि त्यांच्यामागोमाग दरबारातला तो जबाबही गेला. बाया संत कॅथरिनपुढे मेणबत्ती लावत, पोरे मारेकऱ्याचे नाव विचारत, आणि बाया सांगत, “आपला किल्लेदार. व्रण तेवढा उलटा पडलाय.”