झाडूगाडीच्या मागं

या, सरका जवळ. शेकोटीला अजून धग हाय. राजू, तू त्या कडंला बसू नको रं, तुझ्या पाठीमागं अंधार हाय... अरं वळून बघू नको! बघा, अजून सुरवात बी न्हाई आन् ह्यो टरकला. गौतमी, घे गं ह्याला मधी.

माले गावचा दयानंद तुमाला ठावं हाय न्हवं? काळी बोलेरो, बोलनं कमी, मिशी जास्ती. त्येच्यासंगं झालेली गोष्ट हाय. त्येनं एकदाच सांगितली, बांधावर बसून. दुसऱ्यांदा इचारलं तर उठून गेला.

तारीख बी सांगतो. दोन हजार तेवीस, डिसेंबरची नऊ, शनिवार. कार्तिक वद्य द्वादशी. अमावस्या तीन दिसांवर, म्हंजी चांद उगवायचा तो पार पाटंला. सांजचं साडेसहा वाजलेलं आन् दया बोलेरो घिऊन बोर्ड गोळा करायला निघालेला.

कसलं बोर्ड? ते आधी सांगाय पायजे. घोटावड्याच्या जयसिंगचं खूळ ते. ग्यारेजवाला मानूस, पन डोस्क्यात सदा शर्यत. आन् शर्यत बी कशी, समद्यांनी एकदम पळायची न्हाई. एका येळी एकच गाडी सोडायची, मिन्टा-मिन्टाच्या अंतरानं, कच्च्या रस्त्यानं. कोन किती येळात शेवटाला पोचला, ते घड्याळात बघायचं. रॅली म्हन्तात. समदी हौशी पोरं, घरच्या जुन्यापान्या गाड्या. वर्सात चार फेऱ्या, चारींचं पॉईंट मिळवून एक चॅम्पियन. शेवटची फेरी आपल्या मुळशीत, धरनाच्या मागल्या अंगाला, डोंगरातनं.

लई उस्तवार असती त्येची. पोलिसांची परवानगी, जंगलवाल्यांची परवानगी, ॲम्ब्युलन्स, वळना-वळनावर शिट्टीवाला पोरगा. आन् समद्यात अवघड म्हंजी ग्रामसभा. पयल्या वर्साला जयसिंगनं तासभर घसा कोरडा केला. तवा साळूबाई उठली आन् म्हनली, "येवढी धूळ आमी खायची, आन् बक्षीस काय तर पितळंचा कप? त्यात शेरभर तांदूळ तरी मावतो का रं?"

जयसिंग म्हनला, "मावशी, मापून बघा. न्हाई मावला तर पुढच्या साली मोठा आनतो."

सभा हसली आन् परवानगी मिळाली. आपल्याकडं असंच असतंय.

दयाचं काम समद्यात शेवटचं. झाडूगाडी. शर्यतीच्या गाड्या गेल्या की मागनं ही निघायची. वळना-वळनावर लावलेलं बाणाचं बोर्ड उचलायचं, फिती सोडायच्या. कुनाची गाडी मधीच बंद पडली आसंल तर त्या पोरांना उचलून आनायचं. पोरं बिचारी तोंड पाडून दगडावर बसलेली असायची. दया गाडी लावायचा आन् म्हनायचा, "चला, बसा, झाडू आली." रडकी पोरं बी हसायची. आन् नेम काय, तर झाडूच्या मागं कोनी ऱ्हायचं न्हाई. झाडू फिनिसला पोचली की रस्ता गावाला मोकळा.

आता आधल्या वर्साचं ऐका. ते कळल्याबिगर हे कळायचं न्हाई.

आधल्या वर्साला सतरा नंबरची गाडी मालेच्या मनीषची व्हती. अनसूयाआक्काचा पोरगा, एकुलता एक. कंपनीत कामाला जायचा आन् पगार समदा गाडीत घालायचा. भंगारातनं उभी केली व्हती ती. एक दिवा पांढरा, एक पिवळा, मिळंल तो बसवलेला. पोरं चिडवायची, "मन्या, तुझी गाडी डोळा मारतीया रं!" ह्यो म्हनायचा, "मारू दे की. मालकाला जमत न्हाई, गाडीला तरी जमतंय." असलं गोड पोरगं. शेजारी बसून रस्ता वाचून दावायला पुन्याचा अमोघ.

शेवटच्या टप्प्याला, अंधार पडता पडता, जांभळीच्या वळनावर गाडी खाली गेली. तितं तीस-चाळीस हात उतार आन् समदं कारवीचं रान. वरनं काय बी दिसत न्हाई. अमोघचा पाय मोडला, शुद्ध गेली. मनीष आत अडकलेला.

हिकडं फिनिसला काय झालं, रिसॉर्टवरच्या कुना पावन्याची गाडी मधल्या वाटंनं रस्त्यात घुसली. धुळीनं माखलेली. नंबर कुटला, काय कुटला. मोजनीला बसलेल्या पोरानं कागद बघितला. यायचा राहिलाय सतरा, येवढाच. म्हनला, मंग ही सतराच. मारली टिक. आन् झाडूगाडीतल्या दयाला रेडिओवर सांगितलं, "तेवीसच्या तेवीस आल्या, काका. या आता."

दया त्या टायमाला जांभळीच्या वळनावरच व्हता.

आन् त्येनं बघितलं व्हतं.

धुळीत चाकांचं ताजं फराटं. पार कडंपतूर. कडंचा एक दगड जाग्यावरनं हाललेला. त्येचा पाय ब्रेकवर गेला बी. पन रेडिओ म्हनतोय, तेवीस. पोटात भूक. अंग आंबलेलं. दयानं पाय उचलला.

बक्षिसाच्या जेवनात मनीष दिसंना. लोक म्हनली, घर जवळच हाय, गेला आसंल घरी. घरी आई म्हनली, बसला आसंल जेवनात. राती अकराला अमोघ सरपटत सरपटत रस्त्यावर आला. तवर... डागदर म्हनला, जाऊन तासच झालाय. म्हंजी तीन-साडेतीन तास पोरगं तितं जितं व्हतं. वरनं रस्ता जात व्हता, गाड्या जात व्हत्या.

फराट्याचं दयानं कुनालाच सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई. आन् अनसूयाआक्का उलट त्येलाच समजवायची, "दया, तू नगं जीव जाळू. तुला दिसलं असतं तर तू थांबला नसतास व्हय?"

सांगा आता. ह्यापरास शिव्या बऱ्या. वर्सभर दयानं त्या आळीचा रस्ता सोडला. शेतावर जायाचं तरी मसनवटीकडनं वळसा घालून जायाचा.

यंदा शर्यत बंद, असंच समद्यांनी धरलेलं. जयसिंगनं बी हात जोडलं व्हतं. पन आक्काच ग्रामसभेत उठली. "घ्या," म्हनली, "माझ्या पोराचा जीव व्हता त्यात." मंग म्हनली, "झाडू तेवढी दयाकडंच द्या. त्येच्यावर माझा भरवसा हाय."

न्हाई कुठल्या तोंडानं म्हननार?

तर निघाला. एकटा. शिट्टीवाली पोरं फटफट्यांवरनं पुढं गेलेली. बोर्ड उचल, फीत गुंडाळ, गाडीत टाक. सात वाजलं. धरनाकडनं गार वारं याय लागलं. रातकिडं वरडाय लागलं. एका उंबराखालचा बोर्ड काढून तो गाडीत बसला, आन् आरशात उजेड दिसला.

लांब. मागल्या वळनावर.

दयाला वाटलं, कोन गाववाला घाईनं घुसलाय. त्येनं गाडी कडंला घेतली, हात भाईर काढून हालवला. जा बाबा फुडं.

उजेड थांबला.

दया निघाला. उजेड निघाला.

दयानं रेडिओ घेतला. फिनिसला यंदा आरोही बसलेली. हिंजवडीच्या कंपनीतली पोरगी, मोजनीला पक्की.

"आरोही, मागं कोन ऱ्हायलंय का?"

"नाही काका. एकवीस सुटल्या, एकवीस आल्या. प्रत्येक नंबर मी हात लावून बघितलाय. फक्त तुम्ही राहिलात. या लवकर, भजी गार होतायत."

"माझ्या मागं गाडी हाय."

"काका, प्लीज हं! इथे मी एकटी बसलीये. असली मस्करी नका करू."

"मस्करी न्हाई गं पोरी..."

रेडिओ खरखरला. मंग गप.

उजेड जवळ आला. इंजिनाचा आवाज न्हाई. दगड उडाल्याचा न्हाई. नुसता उजेड.

एक दिवा पांढरा...

एक पिवळा.

राजू, सोड माझं धोतार. फाटंल.

दयानं आतला आरसा वर फिरवून टाकला. काच चढवली. पन दाराचा आरसा तसाच ऱ्हायला. आन् त्यात ते दोन डोळं. फुडं येत न्हाईत. मागं ऱ्हात न्हाईत. तो हळू झाला की हळू. झाडूच्या मागं कोनी ऱ्हायचं न्हाई, आन् हे मागं. एक वर्स मागं.

जांभळीचं वळान आलं. कडंला नवीन दगड, पांढरा चुना दिल्यालं. दयाचा पाय ब्रेकवर गेला.

आन् यंदा बी... त्येनं पाय उचलला.

भ्यानं. भ्यानंच. गेला फुडं.

उजेड आला न्हाई.

वळनावर थांबला. दया आरशात बघतोय. पन्नास पावलं. शंभर. उजेड तितंच. हाक न्हाई, हारन न्हाई. रातकिडं बी गप.

मंग सावकास... एखाद्यानं मान खाली घालावी तसा... उजेड झुकला. कडंच्या पल्याड गेला.

आवाज...

न्हाई.

दयानं गाडी थांबवली. "काका? काका, कुठे आहात?" आरोही रेडिओवर. त्येनं बटान बंद केलं. गाडी मागं घेतली, पार वळनापतूर. ब्याटरी घेतली. उतरला.

कारवी धरत धरत खाली. हात सोलपटलं. खाली काय बी नव्हतं. गाडी न्हाई. उजेड न्हाई. गवत सुदिक दबलेलं न्हाई. गेल्या साली फुटलेल्या काचंचा चुरा तेवढा ब्याटरीत चमकला. दयानं घड्याळ बघितलं. वरनं हितं यायला लागली दोन मिन्टं.

दोन.

त्येनं तितंच बसकन मारली. पन्नाशी वलांडलेला गडी, लेकरावानी रडला. मंग नाक पुसलं, उठला, आन् सवयीनं तोंडातनं निघालं, "चल मन्या. बस. झाडू आली."

कोन बोललं न्हाई. पान बी हाललं न्हाई.

वर आला. गाडीत बसला. डावीकडं बघितलं न्हाई. फिनिसला आरोही उभी, भज्याची ताटली हातात. त्येनं रस्ता मोकळा करा म्हनून हात केला आन् गाडी थांबवलीच न्हाई. तडक माले. वर्सानं त्या आळीत शिरला. त्या घराफुडं गाडी लावली. साडेआठ वाजलं व्हतं.

आक्का वसरीवर तांदूळ निवडत बसलेली. मांडीत सूप.

"ये दया. आली का समदी पोरं?"

"आली."

"कुनाला लागलं-खुपलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मंग बरं झालं बाबा." तिनं त्येच्या खांद्यावरनं गाडीकडं बघितलं. "आन् त्येला का गाडीत बसवून ठिवलंयस? बोलव की आत. थंडी किती पडलीया."

दया वळला न्हाई. त्येच्यानं वळवंना.

"आक्का," म्हनला, "मी बघितलं व्हतं. गेल्या साली. फराटं, दगूड... समदं मला दिसलं व्हतं. मी थांबलो न्हाई."

तिचा हात तांदळात तसाच ऱ्हायला.

मंग तिनं इचारलं, "उतरून बघायला किती येळ लागला असता?"

"...दोन मिन्टं."

शिवी दिली न्हाई तिनं. रडली न्हाई. सूप खाली ठिवलं, गुडघ्यावर हात दिऊन उठली, आत गेली. दार लावलं न्हाई. सताड उघडं ठिवलं, वसरीवरचा दिवा बी ठिवला. कुनासाठी, ते दयाला कळलं न्हाई. तो किती तरी येळ अंगनात उभा.

मंग गाडीकडं गेला. आतला दिवा लावला.

डाव्या सीटचा पट्टा. बोलेरोत तो कोन लावतंय? बारा वर्सं नुसता खांबाला लोंबत असायचा. तो फुडं वढलेला. खालच्या खटक्यात बसलेला. आन् सीटला टेकलेला न्हाई. वीतभर वर, ताठ. मधी एक मानूस मावंल येवढी जागा सोडून.

दयानं वढून बघितला. तेल घातलं, ठोकून बघितला. अजून तसाच हाय. सुटत न्हाई, आन् सैल बी पडत न्हाई.