पहिला आवाज घरच्या माणसाचा

त्याचे पणजोबा घंटा ओतत. आजोबा रेडिओ दुरुस्त करत. वडील सभासमारंभांना कर्णे बांधत आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचला की मिशीला पीळ देत. आणि तो, या घराण्याचा चौथा वारस, लोकांच्या छतांत स्पीकर असे बेमालूम दडवी, की आवाज येतो कुठून हे पाहुण्याला मान वर करूनही कळू नये. पूर्वजांनी आवाज मिरवला. याने लपवला, एवढाच काय तो फरक.

तिने त्याला प्रथम पाहिले ते दुकानात. घराचे नूतनीकरण निघाले होते. निवृत्त वडिलांना या खोलीतून त्या खोलीत जाताना मध्येच तुटलेले गाणे खपत नसे, म्हणून छतात स्पीकर बसवायचे ठरले होते, आणि बसवणारा माणूस दुकानदारच पाठवणार होता. शाळेत भूगोल शिकवणारी ती मुलगी दुकानाच्या छतातल्या गोल गोल जाळ्यांकडे पाहत गोंधळून उभी होती. शेजारी एक तरुण तसाच मान वर करून उभा. गिऱ्हाईक असावा, असे समजून तिने विचारले,

“यांतला चांगला कुठला, तुम्हाला काही कळतंय का हो?”

“मोठा घ्या,” तो गंभीरपणे म्हणाला. “नाहीतर लहान घ्या.”

“हे काय उत्तर झालं?”

“खोली न बघता दिलेलं उत्तर असंच असायचं. छत किती उंच? ऐकणारा बसतो कुठे?”

“बाबा खिडकीपाशी बसतात. आरामखुर्चीत.”

“मग खुर्चीच्या बरोबर वर नको. दिवसभर टाळूवर बसून बोलणारा माणूस तुम्हाला आवडेल?”

“मला…” तिने त्याच्याकडे नीट पाहिले. “मला मुळात इतकं बोलणारा माणूसच आवडत नाही.”

“अरेरे,” तो म्हणाला. “मी तर उद्यापासून तुमच्याच घरी येणार आहे.”

गल्ल्यावरचा दुकानदार हसू दाबत होता. कामाचा माणूस हाच, हे तिला तेव्हा कळले आणि तिची कानशिले तापली… घरी पोहोचेपर्यंत ती निवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो शिडी, करवत आणि कागदाचा गोल साचा घेऊन हजर झाला. साच्यावर दोन रेघा असतात. आतल्या रेघेवर छत कापायचे, बाहेरची जाळीच्या काठाची. खाली ती शिडी धरून उभी होती. त्याने एकदा खाली पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि करवत बाहेरच्या रेघेवरून फिरली. भोक एवढे मोठे झाले, की स्पीकर त्यातून सरळ त्याच्या हातात परत आला.

“हे असं आजवर कधी झालं नव्हतं,” तो पडेल चेहऱ्याने म्हणाला.

“छताकडे बघून कापायचं असतं ना?”

“तेच तर. शिडी कुणी दुसऱ्याने धरायला हवी होती, भूगोलबाई.”

तिने मान फिरवली. पांढरी भुकटी तिच्या केसांवर हळूहळू उतरत होती आणि ती झटकावी असे तिला वाटेना.

असे दिवस गेले. ते भोक बुजवले, नवे पाडले. स्वयंपाकघरात वाफ सोसणारा स्पीकर हवा, जाळ्यांना छताचाच रंग हवा, यावर दोघांची रोज लांबलचक चर्चा होई. इतकी चर्चा त्या विषयात मुळात नव्हती. एकदा तारा ओढताना तो म्हणाला,

“काम आता संपत आलं. मग मी या घरी यायचं ते कुठल्या निमित्ताने?”

करवत नव्हती, ड्रिल नव्हते. प्रश्न घरात स्वच्छ ऐकू आला.

“सांगते…” ती म्हणाली. “विचार करून.”

विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते. उत्तर जिभेवर होते. पण वरच्या मजल्यावर आत्या होती.

आईच्या माघारी हे घर आत्याने सांभाळले होते, आणि सांभाळताना घराचा मान तसूभर खाली येऊ दिला नव्हता. दोन दिवसांनी तिने भाचीला वर आपल्या खोलीत बोलावले.

“चिमणे, त्या छतवाल्याशी फार हसणं चाललंय.”

“कुठे काय, आत्या!”

“माझे डोळे अजून शाबूत आहेत. उद्या लोकांनी विचारलं, जावई काय करतो, तर मी काय सांगू? छताला भोकं पाडतो?”

आणि ती हसली. आत्याला बरे वाटावे म्हणून, विषय मिटावा म्हणून… पण मोकळी, खळखळून हसली.

“काहीतरीच तुझं! कारागिराशी जरा गोड बोललं की काम नीट होतं, एवढंच. त्याच्यात काय आहे बघण्यासारखं?”

त्या खोलीचा मजला जुना, लाकडी फळ्यांचा. खाली बैठकीत तो शिडीवर उभा होता. डोके छताच्या भोकात, आणि फळ्यांमध्ये नि त्याच्यात वीतभर पोकळी. हे तिला ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही, इतकेच.

ती चहा घेऊन खाली आली.

“तिथे ठेवा, मॅडम.”

मॅडम. तिने कप खाली ठेवला.

“प्रत्येक स्पीकरच्या मागे बंद डबा बसवावा लागेल,” तो छताकडे पाहत म्हणाला. “मजला लाकडी आहे. वरचं बोलणं खाली जसंच्या तसं येतं.”

“ऐका ना, मी ते…”

त्याने ड्रिल सुरू केले. भोक आधीच पडलेले होते. ड्रिल नुसते हवेत फिरत राहिले. ते थांबण्याची वाट पाहत ती उभी राहिली, आणि मग तोंड लपवून स्वयंपाकघरात गेली.

पुढचे दिवस तिने खाली मान घालून काढले. वर्गात नद्यांची नावे सांगताना ते हसणे तिला ऐकू येई आणि खडू हातातच राही. त्याने ऐकले याची ही लाज, अशी तिने प्रथम मनाची समजूत घातली. मग एका दुपारी, रिकाम्या वर्गात फळा पुसताना, तिला स्वतःशी कबूल करावे लागले: त्याने ऐकले नसते, तरी ती तेच बोलली असती. तिला त्याची लाज वाटली होती. त्याच्या शिडीची, भुकटीने पांढऱ्या झालेल्या सदऱ्याची. आणि ज्याच्यासाठी ती रोज शाळेतून धावत घरी येत होती, तो माणूस त्याच सदऱ्यात होता. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता. ती पुसतच राहिली.

काम संपले. शेवटच्या दिवशी बैठकीत वडील खुर्चीत, आत्या दाराशी. आवाज नीट पोहोचतो का हे सांगायला, घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला स्वयंपाकघरात उभे केलेले. स्पीकर बसवणाऱ्याने पिशवीतून लहानसा माईक काढला.

“आमच्या घरची एक पद्धत आहे,” तो वडिलांना म्हणाला. “नव्या कामातून पहिला आवाज घरच्या माणसाचा निघायला हवा. गाणं नंतर. पणजोबासुद्धा नव्या घंटेचा पहिला टोला स्वतः देत नसत.”

“मी काय बोलणार?” वडील संकोचले. “तू बोल गं, ताई.”

“मला नाही जमायचं असलं,” आत्या म्हणाली.

“मी बोलते,” मुलगी म्हणाली, आणि तिने माईक घेतला. त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही.

“आत्या…” चारी खोल्यांच्या छतांतून तिचा आवाज उतरला. ती स्वतःच दचकली. “त्या दिवशी तुझ्या खोलीत मी खोटं बोलले. काम नीट व्हावं म्हणून गोड बोलते, म्हणाले. ते खोटं होतं. आणि मी हसले… त्याची मला इतकी लाज वाटते, की आरशात बघवत नाही. यांनी ते सगळं ऐकलं. खालून. प्रत्येक शब्द.”

वडिलांनी वर छताकडे पाहिले.

“स्वयंपाकघरात एकदम स्पष्ट येतंय!” आतून रंगारी ओरडला.

आत्याचा हात पदराशी गेला. “प्रत्येक शब्द?” तिने त्याला विचारले. “म्हणजे… माझाही?”

“हो,” तो म्हणाला.

आयुष्यात कुणापुढे नमते न घेतलेली ती बाई दारातून पुढे आली. इतके दिवस तो या घरात उभ्याने चहा पीत होता. त्याला बसा म्हणावे, असे कुणाला सुचले नव्हते. आत्याने स्वतः खुर्ची ओढली, पदराने पुसली.

“बसा,” ती म्हणाली. “उभे का?”

तो बसला. अवघडून, काठावर.

“बाबा,” ती म्हणाली. माईक खाली आला होता. आता आवाज छतातून नव्हे, नुसता तिच्या तोंडून. “यांनी मला एक विचारलं होतं. काम संपल्यावर या घरी कुठल्या निमित्ताने यायचं, असं.”

वडिलांनी चष्मा काढला. “कधी विचारलं?”

“झाले बरेच दिवस.”

“आणि तू उत्तर दिलं नाहीस?”

“नाही.”

“इतके दिवस उत्तर थकवलंस?” वडील म्हणाले. “आमच्यासमोर देऊन टाक.”

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या हसण्यानंतर प्रथमच त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिले. डोळ्यांत राग होता, थोडा उरलेला, आणि त्याच्यामागे दुसरे काही, जे लपवण्याची कला त्याला साधलेली नव्हती.

“निमित्त नको,” ती म्हणाली. “माझ्यासाठी या. लोकांनी विचारलं तुम्ही कोण, तर मी सांगेन… मी स्वतः सांगेन. आधी नातलगांना, मग बाकीच्यांना. मला तुम्ही आवडता. दुकानात मान वर करून उभे होतात, तेव्हापासून.”

थकलेले सगळे देणे चुकते झाले होते. आता बोलायची पाळी त्याची होती. तो उठला, तीच खुर्ची तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, “बसा, भूगोलबाई. उद्या पुन्हा येतो, शिडीशिवाय.”