आतली कडी

सौदामिनी हार्डवेअरच्या दुकानातून सरकत्या दाराची नवी चाकं घेऊन आली, तेव्हा दुपारचं ऊन नुसतं रणरणत होतं. लातूरच्या एका क्लासमध्ये ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि तुळजाबाईंच्या मुलींच्या होस्टेलवर राहून तिथली देखरेखही करायची. न्हाणीघरात तुळजाबाईंच्या लेकानं हौसेनं शॉवर लावला होता आणि त्याला दुधी काचेचं सरकतं दार. शॉवरमधून पाणी कधी आलंच नाही. लातुरात बादली भरली तरी नशीब म्हणायचं! मुली त्या शॉवरखाली बसून मगानं आंघोळ करायच्या. दार मात्र अडकायचं.

काल होस्टेलवरची पुनम आत अडकली. चौघींनी दार ओढून तिला बाहेर काढलं तेव्हा तिची दातखीळ बसली होती. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "मॅडम... आत माझ्यासंगं कोणीतरी होतं."

गोष्ट फोनवरून रेणापूरला पोचली आणि तिचे वडील शेषेराव तिला न्यायला निघाले. घरी स्थळ तयारच होतं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरीचं डॉक्टर होणं एका दारापाशी अडणार! सौदामिनीचं डोकंच फिरलं.

"भूत नाही, क्षार आहेत," ती म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून कामाला लागली.

दार उचलून काढलं. खालच्या पट्टीतला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर खरवडला, केसांचे गुंते उपसले, चाकं बदलली. ओळंबा सोडून चौकट तपासली. सरळ होती. दार बसवलं तर लोण्यावरून फिरावं तसं फिरलं.

"रिकामं असलं की सरकतंच," पुनम हळूच म्हणाली. "माणूस आत गेलं अन् कडी लावली, की..."

"मग मी जाते."

तुळजाबाईंनी तिचा हात धरला. "कडी लावू नको गं माय."

"का, मावशी?"

"त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे गावाकडं माझी वैष्णवी न्हाणीत होती. पहिल्या गाडीनं इथं कॉलेजला यायचं होतं तिला. कडी लावून बसलेली. भिंत हलली, दार तिरकं झालं... निघताच आलं न्हाई लेकराला. गावातल्या कितीक पोरी तशाच गेल्या."

सौदामिनीनं त्यांचा हात अलगद सोडवला. मग म्हणाली, "वाईट झालं, मावशी. पण ते पुनमनं का भोगायचं?" स्क्रूड्रायव्हर घेऊन ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

त्याच क्षणी लाइट गेली आणि बिनखिडकीच्या न्हाणीघरात मिट्ट अंधार झाला.

बाहेरचं बोलणं लांब गेल्यासारखं वाटलं. ओल्या मातीचा वास आला. साबणाचा नाही, मातीचा. तिनं कडी ओढली. हलेना. पुन्हा ओढली. आणि तिच्या बोटांवर दुसरी बोटं आली. थंड, ओली, घाईघाईनं चाचपडणारी. कानापाशी कोणीतरी धापा टाकत होतं. ती बोटंही कडीच ओढत होती... उलट्या बाजूला.

 सौदामिनीला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

"सोड!" ती ओरडली. "दोघींनी ओढलं तर कशी निघंल? सोड म्हणते ना... मी काढते."

बोटं थबकली. मग एकेक करून उठली.

अंधारात चाचपत तिनं कडीचे स्क्रू काढले. कडी फरशीवर पडली. दार सरकलं. ती बाहेर आली आणि तिच्या मागे ते अलगद मिटलं.

शेषेराव तेवढ्यात जिना चढून आले होते, पुनमची भरलेली बॅग त्यांनी उचललीही होती. ऐकून घेतलं आणि हसले. "कडीच काढली? मॅडम, पोरीबाळींनी आंघोळ कशी करायची मग?"

"दार वाजवायचं. आत असेल ती सांगेल."

"हाव का?" त्यांनी चेष्टेनं काचेवर टकटक केली. "कोणी हाय का आत?"

"हाय..."

कोवळा आवाज होता. बाकीच्या मुली क्लासला गेलेल्या. होस्टेलवर बायका होत्या त्या पुनम, सौदामिनी आणि तुळजाबाई, आणि तिघी दाराच्या अलीकडे उभ्या. तुळजाबाईंनी आवाज ओळखला आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

शेषेरावांनी दाराला हात घातला. पुनमनं वडिलांचा तो हात धरला.

"दादा, आत पोरगी हाय. तुम्ही व्हा बाजूला."

"अगं, पण..."

"व्हा म्हणते ना! अन् माझी बॅग ठेवा तिथंच. मी न्हाई येणार. परीक्षा दिल्याबिगर तर न्हाईच."

ती दारासमोर पाय रोवून उभी राहिली.  शेषेरावांनी एकदा दाराकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग बॅग खाली ठेवून, दाराकडे पाठ न करता, एकेक पायरी उतरत गेले.

पुनम खोलीतून आपली बादली घेऊन आली. आंघोळीला नंबर लावायची तिथली हीच रीत, दाराबाहेर बादली ठेवायची.

दाराबाहेर एक बादली होती. मघाशी नव्हती. पितळेची, एका अंगानं चेपलेली, आणि पाण्यातून वाफ निघत होती. आतलीची बादली आत असणार. मग पुढचा नंबर लावून ठेवलेली ही कोणाची?

पुनमनं सौदामिनीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले, आणि आपली बादली त्या बादलीच्या मागे ठेवली.