आईचं माहेर कुणाला ठाऊक?

योगेश्वरीचा ईमेल सकाळपासून उघडत नव्हता, आणि दुपारी तिची सोयरीक मोडायला आली.

साल दोन हजार दहा. अर्जुनी मोरगावात तिचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पोरगी मशीनच्या बाबतीत भलतीच सावध. पासवर्ड सोळा अक्षरांचा, कुठं लिहिलेला नाही, आपल्या मशीनला कुणाला हात लावू द्यायची नाही. तरी कुणीतरी आत शिरलं, पासवर्ड बदलला आणि तिला आलेलं जुनं पत्र तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, खुमेंद्रला पाठवून दिलं. कॉलेजातल्या जागेश्वरनं त्यात लग्नाचं विचारलं होतं. तिनं नकार कळवला होता. ते उत्तर मात्र कुणी पाठवलं नाही.

लग्नाला पंधरा दिवस. खुमेंद्र गोंदियाला कॉम्प्युटरच्याच कामावर. तिथून तो तडक आला आणि तोंड फुगवून क्लासात बसला.

घरमालकीण सुशिलाबाई वरून खाली उतरल्या. तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्याची त्यांना सणकून चीड.

"पासवर्ड विसरला तर काय करते हे मशीन?"

"एक प्रश्न विचारते, मावशी. आईचं माहेरचं आडनाव."

"मंग सारं गाव बिसेन सांगन."

"म्हणून तर बिसेन टाकलं नाही. आई तिच्या मावशीच्या घरी वाढली, म्हणून बिसेन म्हणतात. जन्माचं टेंभरे. ते फक्त आमच्या घरात ठाऊक."

सुशिलाबाईंना सोयरिकीची बैठक आठवली. मुलीचा बायोडाटा खुमेंद्रच्या घरच्यांच्या हाती देण्याआधी योगेश्वरीच्या वडिलांनी त्यांच्याकडून पेन मागून घेतला होता आणि कागदावर काहीतरी खोडून लिहिलं होतं.

त्यांनी आधी रुचीला बोलावलं. रुची क्लासात शिकवायची. खुमेंद्रचं स्थळ पहिल्यांदा तिलाच आलं होतं, आणि तिकडूनच नकार आला होता.

"तू हिचं ईमेल उघडून पाहिलं काय?"

रुचीनं मान खाली घातली नाही. "पाहिलं. एकदाच. माझं जमता जमता राहिलं अन् हिचं जमलं, जीव जळला माझा. बिसेन टाकलं. चूक म्हणे. मंग सोडून देलं."

खुमेंद्र उठला. चोर घरातच सापडली, आता आणखी काय पाहता, असं म्हणू लागला. सुशिलाबाईंनी त्याला खाली बसवलं आणि बायोडाटा कुठं आहे ते विचारलं. आपल्याच कपाटात, किल्ली आपल्याकडे, म्हणाला. वाचला कुणी? त्यानं आणि वडिलांनी. वडिलांना कॉम्प्युटर येतो का? छे, ते मोबाईलही दुसऱ्याकडून लावून घेतात.

"मंग ऐक," सुशिलाबाई म्हणाल्या. "रुचीचं उत्तर चुकलं, म्हणून ती सुटली. गावातल्या कुणाचंही चुकलंच असतं. पण सोयरिकीत आईचं कुळ लपवत नाहीत. हिच्या बापानं छापलेलं बिसेन खोडलं, माझ्याच पेनानं टेंभरे लिहिलं, अन् तो एकच कागद तुमच्या घरी देला. कुलूप तू उघडलं, खुमेंद्र. अन् पत्र तुलाच पाठवलं, म्हणजे जाब विचारायला निमित्त."

योगेश्वरीचा चेहरा उतरला. बापानं कागदावर काय खरडलं, हे तिला आजच कळत होतं.

खुमेंद्र आधी हसला. मग त्याचा तोलच गेला. "दोन महिने झोप नाही मले. कॉलेजात कोण होता, काय होता, विचारलं तर सांगत नाही. अन् त्याले नाही म्हणायले चार ओळी काऊन लिहिल्या? एवढ्या गोड?"

ते उत्तर त्याला कुणीच पाठवलेलं नव्हतं. हे त्याच्याही ध्यानात आलं.

"नवा पासवर्ड काय ठेवला?" योगेश्वरीनं विचारलं.

"आपल्या लग्नाची तारीख."

तिनं त्याच्यासमोर ती तारीख टाकली, ईमेल उघडला, पासवर्ड बदलला, प्रश्नही बदलला. एकदाही चुकली नाही. खुमेंद्र म्हणाला, प्रेम आहे म्हणूनच केलं ना. तिला रडू येत होतं, आणि त्याच्यापुढं रडायचं नव्हतं.

"मावशी, बाबांना बोलवा," ती म्हणाली. "सोयरीक मी मोडली, हे मलाच सांगायचं आहे."