विनीचा बोकड माती का चाटतो?

"ए विनी, तुमचा बोकड माती चाटतोय बघ!" क्षितिजा खो खो हसत सुटली.

आचोळ्याची क्षितिजा आणि तिचा भाऊ हर्षवर्धन मे महिन्याच्या सुट्टीत वटार गावी, विनीकडे राहायला आले होते. पण विनीला कसलं हसू येतंय!

"चाटू दे. सोमवारी पप्पा भराव टाकून हे वांग्यांचे वाफे बुजवणार. माती पार दगड झालीय म्हणतात. आजोबांनी केलेली वाडी आहे रे ही!" तिला रडूच आलं.

पाणी मुरतं का बघायला हर्षवर्धनने तळ कापलेली बाटली वाफ्यात रोवली आणि पाणी ओतलं. शंभर अंक मोजून झाले, पाणी जागचं हलेना! केळींपाशी मात्र तेवढंच पाणी वीस म्हणेपर्यंत गडप!

"केळींना पाणी कुठलं गं?" त्याने विनीला विचारलं.

"बावखलातलं, आमच्या तळ्यातलं. वांग्यांना शेजारच्या सुधाकरकाकांचा तबेला धुतलेलं शेणपाणी. चार वर्षं काय टम्म वांगी यायची! यंदाच काय झालं कोण जाणे."

क्षितिजाने वाफ्यावरची पांढरट खपली उचलून चक्क जिभेला लावली.

"ईऽऽ! शेणपाणी आहे ते!"

"थू! पण खारट आहे! म्हणून बोकड चाटतोय!"

तिघं तबेल्यात धावली. म्हशी टँकरचं पाणी पीत होत्या, आणि गडी बोअरच्या पाइपने फरशी धूत होता.

"काका, बोअरचं पाणी खारं झालं का हो?"

"काहीतरीच! गोड आहे," सुधाकरकाका खेकसले. "पळा इथून!"

पळता पळता हर्षवर्धनने त्या पाइपाखाली आपली प्यायच्या पाण्याची बाटली भरून घेतलीच.

संध्याकाळी काका विनीच्या ओट्यावर गप्पांना आले. विनीने अदबीने लिंबूसरबत पुढे केलं.

"अगं पोरी, मीठ किती घातलंस!"

"चिमूटभरही नाही, काका! पाणी तुमच्या बोअरचं आहे!"

काकांचा चेहरा पडला. "यंदा बोअर खारं झालं. म्हशी तोंड लावेनात म्हणून टँकर आणतो. म्हटलं, फरशी धुवायला खारं चालतं की..."

"आणि तेच माझ्या वाफ्यात!" विनीचे पप्पा, जोसेफअंकल, कडाडले. "खारानं माती घट्ट बसते, पाणी मुरणार कुठून?"

"चुकलो, जोसेफ. उद्यापासून गोड्या पाण्यानेच धुवू."

"पावसात खार धुऊन निघेल. वर शेणखत घालू, होईल भुसभुशीत." अंकलनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे! मी मातीवर आळ घेतला, तुम्ही तिला सोडवलंत!"

मग त्यांनी फोन उचलला. "भरावाची गाडी पाठवू नका. नाही, पुढच्या सोमवारीही नको. कधीच नको!"

विनीने धावत जाऊन पप्पांना घट्ट मिठी मारली.