कुमारी प्यू, ब्रिन

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी हेस्गिन गावच्या चॅपलमागच्या खोलीत घड्या घालायचं काम चाले. पंचक्रोशीचं पत्रक छापखान्यातून सुट्ट्या तावांत येई. लांब टेबलाभोवती दहा-बारा म्हातारी माणसं बसत, ताव दुमडत, एकात एक सरकवत, नखाने घडी दाबत आणि गावाची उणीदुणी काढत. एका टोकाला चहाची किटली, दुसऱ्या टोकाला बिस्किटांचा डबा. ओले कोट आणि ताजी शाई यांचा मिळून एक वास खोलीत बसलेला असे.

नेस्ता ब्रिन टेबलाच्या डोक्याशी बसे. वय शहात्तर, लग्न नाही, चाळीस वर्षं चॅपलची चिटणीस. आडनाव प्यू, पण या खोऱ्यात प्यू आणि रॉबर्ट्स इतके, की आडनावाने हाक मारली तर अर्धा रस्ता वळून पाहील. म्हणून माणसाला घराच्या नावाने ओळखायची रीत. ब्रिन हे तिचं घर. पत्रकात ती ‘तीन फळ्या’ नावाचं सदर लिही. दर महिन्याला तीन पुस्तकं सुचवायची: एक मुलखाच्या इतिहासाचं, एक स्वयंपाकाचं, एक श्रद्धेचं. सदर वाचून पुस्तक मागायला येणारे आता सतराच उरले होते. बऱ्याच घरांत उन्हाळ्यापुरते येणारे परके राहत, त्यांना इथली भाषाही वाचता येत नसे.

चॅपलही नोव्हेंबरात बंद व्हायचं होतं. शहरातल्या कुणीतरी ते सुट्टीचं घर करायला विकत घेतलं होतं. शेवटच्या उपासनेत सभासदांची यादी वाचायची आणि नाव येताच ज्याने त्याने उठून, लहानपणी म्हणत तसं, बायबलमधलं एक वचन म्हणायचं, असं ठरलं होतं. यादीतलं शेवटचं नाव सर्वांत जुन्या सभासदाचं. म्हणजे नेस्ताचं. तिने डोंगरांचं सबंध स्तोत्र पाठ केलं होतं. या चॅपलच्या भिंतींत घुमलेलं शेवटचं वचन आपलं असावं, आयुष्याच्या मोबदल्यात तेवढंच तिचं मागणं होतं.

सप्टेंबरच्या त्या बुधवारी बेती रोस म्हणाली, “या खेपेला मनापासून लिहिलंस हो, नेस्ता. एरवी तुझं सदर म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना.”

बेती शाळेपासूनची सोबतीण. जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही राहत नसे.

“काय एवढं मनापासून लिहिलं मी?”

“घ्या! लेखिकेलाच ठाऊक नाही.”

नेस्ताने समोरचा ताव उलटला. इतिहासाचं पुस्तक तिनेच सुचवलेलं, श्रद्धेचंही. मधली फळी मात्र निराळी होती. ‘आपल्या चॅपलच्या बायकांनी एकाहत्तर साली काढलेलं पाककृतींचं पुस्तक. प्रत्येक घरात आहे, उघडत कोणी नाही. पान एकेचाळीस उघडा.’

“इद्वल, हे कोणी घुसडलं?”

इद्वल पत्रकाचा संपादक, निवृत्त पोस्टमन. त्याने शांतपणे फाइल उघडली आणि तिचा कागद तिच्यापुढे सरकवला. जांभळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर. तिचंच.

“वय झालं, बाई,” तो म्हणाला. “मीसुद्धा चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो.”

सगळे हसले. नेस्ता हसली नाही.

घरी येऊन तिने पुस्तक काढलं. पान एकेचाळीस: मनुक्यांचा ठिपकेदार पाव. खाली, रिवाजाप्रमाणे घराच्या नावाने सही: ‘कु. प्यू, ब्रिन’.

एकाहत्तर साली ब्रिनमध्ये कुमारी प्यू दोन होत्या. कृती धाकटीची, लूनेदची. पुस्तक छापून आलं तोवर एकोणीस वर्षांच्या लूनेदला चॅपलमधून काढून टाकलेलं होतं; लग्नाआधी दिवस गेले म्हणून, मोठ्या बाकावर बसलेल्या वडीलमंडळींसमोर उभी करून, नाव घेऊन. ती लिव्हरपूलला गेली आणि तिथे बाळंतपणात वारली असं कुणीतरी कुठूनतरी ऐकलं. पुस्तकातली सही तशीच राहिली. नेस्ता एका अक्षराने खोटं बोलली नव्हती. त्रेपन्न वर्षं लोक तिच्या पावाची तारीफ करत आले, आणि ती फक्त मान किंचित लववत आली.

कृतीची शेवटची ओळ तिने वाचली, मग पुन्हा वाचली. ‘मनुके आदल्या रात्री कोऱ्या चहात भिजवावे. नेस्ता विसरते. तिला आठवण करावी.’

या पुस्तकाची मुद्रितं तिनेच तपासली होती. त्यातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तिला पाठ होता. ही ओळ त्यात नव्हती. तिने बेतीला फोन लावला.

“तुझ्याकडचं पुस्तक काढ. पान एकेचाळीस. शेवटची ओळ वाच.”

कागदांची सळसळ. “नेस्ता विसरते, तिला आठवण करावी,” बेतीने वाचलं आणि खिदळली. “अगं, पन्नास वर्षं हसतोय आम्ही या ओळीला. आज काय नवीन?”

ऑक्टोबरचा मजकूर नेस्ताने तीनदा वाचला, पाकिटात घातला, चिकटवला, आणि इद्वलच्या हातात स्वतः दिला. त्याने तो तिच्यासमोरच फोडून छापखान्याच्या फाइलीत लावला. बुधवारी ताव आले तेव्हा पहिल्या फळीवर होतं: ‘आपल्या खोऱ्याचा इतिहास. पान एकशे बारा. फोटो नीट पाहा.’

तो इतिहास नेस्तानेच लिहिलेला. एकशे बाराव्या पानावर रविवारच्या शाळेची समुद्रावरची सहल, साल एकोणसत्तर. फोटो छापायला देण्यापूर्वी तिने तो कात्रीने कापला होता, कापलेली पट्टी चुलीत घातली होती. बारा मुलींचा फोटो अकरांचा झाला होता.

तिने मोजल्या. बारा.

नेस्ताला खेटून एक मुलगी उभी होती. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून आडवा हात धरलेला, आणि त्या हाताखाली हसणं. दोघींच्या खाली नाव: ‘कु. प्यू, ब्रिन’. नाव एकच होतं. कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.

“छान आलीय पोरगी,” इद्वल तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. “वचन म्हणायची वेळ आली की हटकून लोटाच्या बायकोवर यायची. आठवतं?”

न आठवायला काय झालं? पाठ न केलेल्या मुलांचा तो हमखास आधार. मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेल्या बाईचं, शास्त्रातलं अगदी आखूड वचन: लोटाच्या बायकोला विसरू नका. लूनेद ते दर रविवारी इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणे, की मोठ्या बाकावरचे पांढरे मिशाळसुद्धा रुमालात तोंड लपवत.

“नेस्ता, एक विचारू?” इद्वलने आवाज खाली आणला. “एकाहत्तर साली मी टपालात नवा होतो. त्या हिवाळ्यात लिव्हरपूलहून तीन पत्रं आली ब्रिनला. तिन्ही तू परत पाठवलीस. ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही.’ वर लिहिलंही होतंस, स्वतःच्या हाताने.”

“माझी नव्हती ती.”

“कुमारी प्यू, ब्रिन. घरात तेव्हा एकच उरली होती.”

नेस्ताने घडी घातली. नख दाबून फिरवलं.

“आणि त्याच वर्षी, वसंतात, त्याच नावाने ओवेनचं पत्र आलं होतं,” इद्वल म्हणाला. “ते मात्र तू उघडलंस.”

उघडलं होतं. पत्त्यावर नाव आपलं, मग उघडायला हरकत कसली? ओवेन तारसप्तकात गाणारा, खाणीतला कारकून. गायनाच्या बाकावर त्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून नेस्ता दोन वर्षं अर्धा तास आधी येऊन बसे. पत्राची पहिली ओळ होती: ‘माझी लाडकी लूनेद’. दुसऱ्या दिवशी ते पत्र वडीलमंडळींच्या टेबलावर होतं. ओवेनने समुद्रापार नोकरी धरली. लूनेदने निघताना ब्रिनच्या दारात फक्त विचारलं होतं, “ताई, तू मला हाकसुद्धा मारणार नाहीस का?”

“सोयीचं नाव आहे बाई तुझं,” इद्वल म्हणाला. “घ्यायचं तेव्हा तुझं, झटकायचं तेव्हा तिचं.”

नोव्हेंबरात नेस्ताने सदर लिहिलंच नाही. तसा इद्वलला फोनही केला. घड्या घालायलाही गेली नाही. शुक्रवारी पत्रक दारातून आत पडलं. ‘तीन फळ्या’ होत्याच. दोन फळ्या कोऱ्या, तिसरीवर, श्रद्धेच्या, एकच शिफारस. ‘चॅपलचं सभासद-पुस्तक. प्रत एकच. वाचन रविवारी दुपारी दोन वाजता. सर्वांनी यावं.’

ते पुस्तक तिच्या कपाटात कुलपात होतं. तिने काढून पाहिलं. एकतीस नावं, सगळी तिच्या अक्षरात, सगळी रीतीप्रमाणे घराच्या नावाने. शेवटचं, एकतिसावं: ‘कु. प्यू, ब्रिन’. तिने लेखणी उचलली, मध्ये ‘नेस्ता’ घालावं म्हणून. जागा नव्हती. अक्षरं इतकी दाटीने लिहिली होती, जणू कुणी मुद्दामच तिथे काही शिरू नये म्हणून लिहिली असावीत. अक्षरं तिचीच होती.

रविवारी चॅपल भरलं. वीस वर्षांत असं भरलं नव्हतं. फक्त वरचा सज्जा रिकामा. तिथल्या फळ्या कुजल्या होत्या, जिन्याला कुलूप होतं, किल्ली नेस्ताच्या पर्समध्ये.

वृद्ध पाळक इथेल प्रवचनाला उभे राहिले. सुरुवातीला ते नुसते बोलले, शेजाऱ्याशी बोलावं तसे. मग शब्द हळूहळू लांबू लागले, एकेका वाक्याच्या शेवटाला सूर चिकटू लागला, आणि बघता बघता बोलणं उचललं गेलं, जसं शिडात वारं भरल्यावर होडीला वल्ह्यांची गरज उरत नाही. या लोकांच्या भाषेत त्या गाण्याला आणि शिडाला शब्दही एकच आहे. ज्याने असं प्रवचन एकदा ऐकलं त्याला पुढे आयुष्यभर कोरडं बोलणं गोड लागत नाही. बेती डोळे पुसत होती. इद्वलने मान खाली घातली होती. हरवलेल्या एका मेंढीसाठी नव्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळावर इथेल गात होते, आणि सगळं चॅपल त्या सुरात भिजून मऊ झालं होतं.

नेस्ता कोरडी बसली होती. ती मनात आपलं स्तोत्र म्हणत होती.

मग इथेलनी सभासदांची यादी वाचायला घेतली.

“श्रीमती रॉबर्ट्स, रोस.” बेती उठली, दोन शब्दांचं वचन म्हणून रडत खाली बसली.

“श्रीयुत मॉर्गन, तालार.” इद्वल.

नाव, वचन. नाव, वचन. तीस झाली.

“कुमारी प्यू, ब्रिन.”

नेस्ता उठली. समोरचं बाक घट्ट धरलं. श्वास घेतला.

“लोटाच्या बायकोला विसरू नका.”

आवाज मागून आला होता. वरून. कोवळा, अगदी गंभीर.

चॅपलमध्ये हसू पसरलं, मायेचं, ओलं. एकानेही वळून वर पाहिलं नाही. सगळे नेस्ताकडे पाहत होते.

तिने तोंड उघडलंच नव्हतं.

“लहानपणापासून हेच!” बेती हुंदक्यातून हसली.

इथेलनी पुस्तक मिटलं. “खाली बस, लूनेद,” ते प्रेमाने म्हणाले.

“मी नेस्ता,” ती म्हणाली.

तेवढ्यात ऑर्गन वाजला. सगळे चार सुरांत गाऊ लागले. तिचे ओठ हलताना दिसले असतील तर लोकांना वाटलं असेल, तीही गाते आहे.

दारात इद्वल हात मिळवत उभा होता. त्याने तिचा हात जरा जास्तच वेळ धरला.

“शोभलं हो तुला ते वचन. बरं, हे तुझ्याकडे देतो.” त्याने कोटातून एक लांब पाकीट काढलं. “शेवटचा अंक मी आठवणीने पोस्टाने पाठवला होता तुझ्या बहिणीला. परत आला. कुठे असते ती हल्ली? तोंडावर नाव येईना बघ, पत्ता लिहिताना पत्रकाच्या जुन्या यादीत शोधावं लागलं.”

पाकिटावर इद्वलच्या अक्षरात होतं: ‘कु. नेस्ता प्यू, ब्रिन’. त्यावर तिरपी रेघ, आणि रेघेखाली, जांभळ्या शाईत, उजवीकडे कललेल्या अक्षरात: ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही.’

तिने त्यावरून अंगठा फिरवला. शाई अजून ओली होती.