मागच्या सीटचं चित्र

गाडीतला जुना टेप काढला, तेव्हा डॅशबोर्डात एक चौकोनी भोक उरलं आणि त्यातून रंगीत वायरी लोंबायला लागल्या. माझी नात म्हणाली, "आजोबा, गाडीनं जीभ बाहेर काढलीय." त्या भोकात बसेल, भर उन्हात दिसेल आणि खड्ड्यांनी खिळखिळी होणार नाही, अशी स्क्रीन आम्हाला निवडायची होती.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर उरलेली एकुलती एक विद्यार्थिनी म्हणजे ही. तिला हाताशी घेऊन मी गाडीसाठी घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवत होतो. पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड बिस्किटांच्या डब्यात बसवला, वाऱ्यासाठी डब्याला भोकं पाडली आणि डबा पुढच्या सीटखाली पट्ट्यानं आवळला. आरशाच्या वर एक लहान कॅमेरा लावला, मागच्या सीटकडे तोंड करून. नकाशा, गाणी हे सगळं त्यावर चालणार होतं. पण खरं काम एकच. गाडी चालवताना माझ्या लेकीला मागं बसलेली भिंगरी दिसत राहायला हवी होती.

भिंगरीला फिट येते. आधी बोलता बोलता थांबते, मग मान कलते, मग झटके सुरू होतात. वेळेवर कुशीवर वळवलं नाही तर श्वास अडकायची भीती. पुढच्या सीटवर तिला बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. झटक्यात हात स्टिअरिंगवर गेला म्हणजे संपलं. फिट यायच्या आधी कुणीतरी डावं मनगट धरतं, असं ती सांगायची. डॉक्टर म्हणाले, अशी पूर्वसूचना पुष्कळांना मिळते. कुणाला वास येतो, कुणाला आवाज ऐकू येतो. मेंदूचे खेळ. मला ते पटलं होतं.

लेकीला शेजारच्या शहरात नवी नोकरी लागली होती आणि भिंगरीची शाळाही तिथंच ठरली होती. रोजचा हमरस्ता, गाडीत दोघीच. जावई लांब कामाला, महिनोन् महिने घरी येत नाही. नोकरीच्या मुलाखतीहून परतताना लेकीनं भिंगरी बरी आहे ना म्हणून मागं वळून पाहिलं, आणि गाडी समोरच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. घरी येऊन ती पायरीवरच बसली.

"बाबा, मला मागं डोळे नाहीत हो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी टेप काढायला घेतला.

ओळखीच्या दुकानदारानं तीन स्क्रीन बघायला दिल्या. नको त्या परत आणा म्हणाला. पहिली चकचकीत होती. घरात झकास, पण अंगणात उन्हात धरली की नुसता आरसा. माझ्या नाकातले केससुद्धा तिच्यात दिसत होते, मागं बसलेली भिंगरी मात्र दिसत नव्हती. दुसरी समोरून चांगली, पण ड्रायव्हरच्या जागेवरून तिरकी पाहिली की रंग उलटे व्हायचे. चेहरा निळा, केस पांढरे.

"आजोबा, मी म्हातारी झाले!" भिंगरी टाळ्या पिटत ओरडली. "आता मी तुम्हाला शिकवणार. उभे राहा!"

तिसरी स्क्रीन दिसायला साधी, काच किंचित खरखरीत. उन्हात चकाकत नव्हती आणि कुठूनही पाहिली तरी भिंगरी भिंगरीसारखीच दिसत होती.

"झालं का विमान तयार?" लेकीनं खिडकीतून विचारलं. "परवा मला रुजू व्हायचंय. तोवर निदान जमिनीवर चालेल एवढं तरी करा."

"परीक्षेचा एक पेपर राहिलाय," मी म्हटलं. "तुझा गॉगल दे."

सकाळी जाताना ऊन तिच्या डोळ्यांवर येणार, म्हणजे ती गॉगल लावणार. तिचा गॉगल पोलराइज्ड होता आणि अशा काचांचं स्क्रीनशी पटत नाही. भिंगरीला मी ते गजांच्या खिडकीवरून समजावलं. उभ्या गजांतून उभी पट्टी आत जाते, आडवी अडकते. स्क्रीनचा उजेड एकाच दिशेनं उभा राहून येतो. गॉगलचे गज त्याच दिशेनं असले तर आत शिरतो, आडवे झाले तर सगळा बाहेर राहतो. मी गॉगल स्क्रीनपुढं धरून हळूहळू फिरवला. चित्र मंद झालं, आणखी मंद झालं, काळं झालं.

"विझली!" भिंगरी म्हणाली. "पुन्हा विझवा."

दुपारभर तिनं घरातली प्रत्येक स्क्रीन विझवून पाहिली. आईचा फोन, माझं घड्याळ, टीव्ही. मग मी तिला एक मोडका कॅल्क्युलेटर फोडून आतली पातळ काळी पट्टी काढून दिली. तीही तेच काम करते. ती पट्टी डोळ्याला लावून भिंगरी समुद्री चाच्यासारखी घरभर हिंडली.

संध्याकाळच्या आधी, ऊन असतानाच, मी शेवटची चाचणी घेतली. भिंगरी मागच्या सीटवर पट्टा लावून बसली. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो आणि गॉगल लावून मान एका खांद्याकडे झुकवली. स्क्रीन विझली. सीट गेली, खिडकी गेली, भिंगरीचा पिवळा फ्रॉक गेला.

एक डाग राहिला.

काचेवर तोंडानं हाऽ केल्यावर वाफ धरते, तसा राखाडी. भिंगरीच्या शेजारी, रिकाम्या सीटवर.

मी गॉगल पुसला. डाग तसाच. स्पर्शासाठी वर चिकटवलेल्या थरामुळं कधीकधी असे डाग दिसतात, हे मला ठाऊक होतं. तसं असेल तर कॅमेरा हलवल्यावर डाग जागचा हलणार नाही. मी हात वर करून कॅमेरा किंचित डावीकडे वळवला. डाग सीटबरोबर सरकला.

डाग काचेत असेल तर सरकायला नको होता. चित्रात असेल तर विझायला हवा होता.

मुलांना मी आयुष्यभर एकच सांगत आलो. गोंधळलात तर एका वेळी एकच गोष्ट बदला. मी स्क्रीन बदलली, चकचकीत लावली. डाग होता. रंग उलटे करणारी लावली. त्यातही होता. गॉगल काढून ठेवून कॅल्क्युलेटरची पट्टी डोळ्याला लावली. डाग होता, आणि आता त्याला कडा आल्या होत्या.

"आजोबा, मी उतरू का? माझा पाय झोपला."

"उतर," मी म्हटलं, आणि मान झुकलेलीच ठेवली.

दार उघडल्याचा आवाज आला. भिंगरी उड्या मारत घरात गेली. स्क्रीन पूर्ण काळी झाली. कुठंच काही नव्हतं.

रात्री जेवताना मी आमटी घ्यायलाच विसरलो. "स्क्रीन पसंत नाही वाटतं?" लेक म्हणाली. "तुमचं म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं चाललंय. नाक बरंय, पण उंची कमी." भिंगरी खिदळली. मीही हसलो.

सकाळी मी तिसरी स्क्रीन पुन्हा जोडली. भिंगरीला मागं बसवायचं मनात नव्हतं. पण ती स्वतःच येऊन बसली, पट्टा लावला आणि स्वप्नात पाहिलेल्या एका हत्तीची गोष्ट सांगायला लागली. लेक स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. नव्या ऑफिसातल्या कुणाशी तरी, साहेबी आवाजात. उघड्या खिडकीतून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी गॉगल लावला आणि मान झुकवली.

तो हात होता.

सीटवर उताणा पडलेला, बोटं किंचित वळलेली. कुणीतरी वाट बघताना हात ठेवतं, तसा. मनगटापर्यंत स्पष्ट, त्याच्या मागं नुसता काळोख. कुणाचा, ते सांगणारं काही नव्हतं.

"...मग हत्ती म्हणाला, मला जिना चढता येत नाही..." भिंगरी मागून सांगत होती.

हात पालथा झाला.

मला वळायला हवं होतं. मान वळली नाही. हात सीटवरून उचलला गेला आणि काळोखात पुढं गेला. तिथं भिंगरी होती, पण गॉगलमधून ती दिसत नव्हती. बोटं मिटली. पूर्ण मिटली नाहीत. कशाभोवती तरी अडली.

"...म्हणून त्यानं..."

भिंगरी थांबली.

मी गॉगल फेकला आणि वळलो. तिची मान कलली होती. डावा हात पुढं ताणला गेला होता, एकटाच. मी मागचं दार उघडलं, पट्टा सोडला, तिला कुशीवर वळवलं, कॉलरचं बटण काढलं. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, तर ती घराच्या दारात उभीच होती. फोन तिच्या हातात नव्हता.

"आली ना?" ती म्हणाली.

आईला कळतं, असं मी मनाशी म्हटलं.

फिट ओसरल्यावर आम्ही भिंगरीला आत निजवलं. मी लेकीला म्हटलं, "थोडे दिवस बसनं जाल का?"

"बसमध्ये फिट आली तर कोण थांबवणार बस? बाबा, असं काय करता? आज घरीच आली, बरं झालं. रस्त्यात आली असती तर?" तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही ती स्क्रीन तेवढी बसवून द्या. मला ती दिसत असली की मी सगळं निभावेन."

तिला काय सांगणार होतो? मी, ज्यानं तिला लहानपणी पलंगाखाली टॉर्च मारून दाखवलं होतं, की बघ, इथं काही नाही.

भिंगरी झोपली होती. दुपारी मी एकटाच गाडीत जाऊन बसलो. गॉगलमधून विझलेल्या स्क्रीनवर मागची सीट पूर्ण काळी होती. मी सीटवर पिशवी ठेवली. काळी. मागं जाऊन बसलो, डोळ्याला पट्टी लावली आणि दोन सीटांमधून स्क्रीनकडे पाहत माझा हात कॅमेऱ्यासमोर धरला. हात विझला, विझायला हवा तसा. बरंच हायसं वाटलं. वय झालंय, डोळे थकलेत, पोरीच्या काळजीनं मन भलतंच काही जुळवतंय, असं स्वतःला समजावलं. तिसरी स्क्रीन भोकात बसवली, स्क्रू आवळले, वायरी आत ढकलल्या.

उन्हं उतरायच्या आधी दोघी बाहेर आल्या. भिंगरी ताजीतवानी झाली होती, केस विंचरलेले. मला पाहून म्हणाली, "आजोबा, गाडीनं जीभ आत घेतली!"

"आज नको बसायला," मी म्हटलं.

"का? उद्या बसायचंच आहे," लेक म्हणाली. "मी बसते तिच्याजवळ. तुम्ही पुढं बसून बघा. मी गाडी चालवतेय असं समजा."

दोघी मागं बसल्या. दारं लागली. स्क्रीनवर इतकं स्वच्छ चित्र होतं, की भिंगरीच्या भुवईवरचा तीळसुद्धा दिसत होता. लेकीनं तिला जवळ ओढलं होतं. एक हात सीटवर टेकलेला, दुसऱ्यात भिंगरीचा हात. आई आणि मुलगी बसतात तशा. भिंगरीनं हत्तीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावली होती.

इथंच थांबावं असं मला वाटलं. पण सकाळी लेक गॉगल लावणार होती.

मी गॉगल लावला. मान झुकवली.

सीट विझली. खिडकी विझली. भिंगरी विझली. माझ्या लेकीचा चेहरा, मान, खांदे, दंड, सगळं एकेक करून काळोखात गेलं.

हात राहिले.

दोन. एक सीटवर उताणा. दुसरा अंधारात अधांतरी, कशाभोवती तरी बोटं मिटलेला.

मी गॉगल कपाळावर सरकवला. चित्र परत आलं. हात तिथंच होते, त्याच जागी, त्याच बोटांचे, माझ्या लेकीच्या मनगटांना जोडलेले. ती कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. गॉगल खाली ओढला. पुन्हा हात.

उताणा हात पालथा झाला.

"दिसतंय ना बाबा, नीट?" लेकीनं मागून विचारलं.

भिंगरी अर्ध्या शब्दावर थांबली होती.